दार लावलं तरी आत आलेलं ग्रहण

१ ऑक्टोबर १९९५, रविवार

रात्रभर झोप न्हाई. पोटातलं लाथा मारून राह्यलंय म्हनून न्हाई — त्याची आता सवय झाली. काल संध्याकाळी आत्याबाई देवळातून पंचांग ऐकून आल्या. दिवाळीत सूर्यग्रहण! लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच. आन माझे दिवस भरतात ते बराबर त्याच आठवड्यात. पुष्पाबाई सिस्टरनं कार्डावर २८ तारीख लिवलीय.

आत्याबाई मला काय म्हनल्या न्हाईत. दुर्गीच्या ओठाकडं पाह्यलं. मंग माझ्या पोटाकडं. बास. सासू असून एवढं कमी बोलल्या तव्हाच मला घाम फुटला.

दुर्गी माझी पोरगी. पावनेतीन वर्साची. जन्मली तव्हा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. औरंगाबादला शिबिरात शिवून आनला. आता नुसती रेघ हाय, हसली की एका बाजूनं वर जाती. मला तर तसंच गोड वाटतं! पन सगळं जाफराबाद म्हन्तं — नंदानं ग्रहणात कांदा चिरला, म्हनून पोरीचा ओठ चिरला.

आन मी चिरला होता. खोटं कामून लिवू. दत्तजयंतीच्या पुनवेचं चंद्रग्रहण, पहाटचं. मी चुलीपुढं बसून कांदा चिरला.

म्हनून झोप न्हाई.

२ ऑक्टोबर

ही वही भावाची. मच्छिंद्र भाऊ जालन्याला एका शाळेत प्रयोगशाळेत हाय. शिपाईच, पन म्हन्तो, "मास्तर बदलत राहतात, भिंगं पुसनारा मीच." एक पान रेघांचं, एक कोरं. मागच्या पोळ्याला दिली. "नंदे, दिसंल ते लिव. कोऱ्यावर चित्र काढ." मी सातवी पास. लग्न झाल्यापासून किराण्याच्या यादीशिवाय काय लिवलं न्हवतं.

कोऱ्या पानावर दुर्गीनं कोंबडी काढलीय. का रेल्वे हाय. विचारलं तर म्हन्ती, "आजी."

३ ऑक्टोबर, दसरा

शेजारची द्वारकाबाई सोनं द्यायला आली. म्हनली, "जप गं बाई, अवंदा तरी."

अवंदा तरी!! आपट्याची पानं तिच्या तोंडावर फेकावी वाटली. हसून चहा पाजला.

८ ऑक्टोबर, रविवार

भाऊ आल्ता! सकाळच्या एस.टी.नं आला, पिशवीत पुठ्ठे, कर्कटक, आन दुर्गीला गोडशेव.

मी त्याला मोरीपाशी गाठून सगळं सांगितलं. रडलेच. तो म्हनला, "थांब. रडू नंतर. आधी कंदील आन."

दिवसाढवळ्या कंदील लावला सैपाकघरात, दार लोटून. कंदील म्हंजे सूर्य. काशीफळ, म्हंजे मोठा लाल भोपळा, ती पृथ्वी. लिंबू म्हंजे चंद्र. आत्याबाई उंबऱ्यात येऊन बसल्या, आपल्याला काय घेनं न्हाई असा चेहरा करून.

भाऊ म्हनला, "काशीफळावर ही मुंगी पाह्यली का? ही मुंगी म्हंजे नंदा, जाफराबादची." मंग लिंबू फिरवत फिरवत कंदिलाच्या मधी आनलं. काशीफळावर लिंबाची बारकी सावली पडली, मुंगीवरून सरकत गेली. "झालं सूर्यग्रहण. मुंगीचं काय बिघडलं?"

मुंगी चालतच होती. तिला पत्ता बी न्हाई.

मी म्हनले, "पन सूर्य केवढा, लिंबू केवढं! झाकंल कसं?" त्यानं मला अंगणात आनलं. पान्याची टाकी दाखवली, ग्रामपंचायतीची ती मोठी. "एक डोळा झाक. अंगठा धर." अंगठ्याच्या मागं टाकी गेली! सगळी! "तुझा अंगठा टाकीएवढा झाला का?" न्हाई. अंगठा जवळ, टाकी दूर. चंद्र जवळ, सूर्य लई दूर. एवढंच.

एवढंच!

मंग मला एक शंका आली. मला आली, कोनी शिकवली न्हाई. मी म्हनले, "भाऊ, अमावस्या तर दर महिन्याला येती. मंग दर अमावस्येला ग्रहण कामून न्हाई?"

भाऊ माझ्याकडं पाहतच राह्यला. "नंदे, हे दहावीच्या वर्गात आजपर्यंत कोनी विचारलं न्हाई." माझ्याच हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढायला लावल्या. एकीत दुसरी घातली, मंग आतली जरा तिरपी केली. बाहेरची सूर्याची वाट, आतली चंद्राची. वाट तिरपी, म्हनून चंद्र कधी वरून जातो, कधी खालून. दोन्ही बांगड्या जिथं एकमेकीला छेदतात, फक्त तिथंच गाठ पडली तर ग्रहण. "आन त्या दोन जागांना नाव हाय," भाऊ म्हनला. "राहू आन केतू."

आत्याबाई उंबऱ्यातून एकदम बोलल्या, "मंग? मी काय म्हन्त होते! राहू हायेच की!"

भाऊ हसला. "हाय आत्याबाई. पन त्याला तोंड न्हाई. नुसती जागा हाय, जसा आपला भोकरदन नाका."

तेवढ्यात दुर्गीनं चंद्र पळवला. लिंबू घेऊन पार गल्लीत. भाऊ मागं, "अगं चंद्र दे!" आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी पाह्यलं.

दुपारी पुठ्ठ्याला कर्कटकानं बारीक भोक पाडून दाखवलं. भोकातून भितीवर उजेडाचा गोल ठिपका पडतो, कवडसा. भोक चौकोनी केलं तरी लांबवर कवडसा गोलच! "कारण तो भोकाचा आकार न्हाई, सूर्याचा हाय. अंगणातल्या कडूलिंबाखाली बघ, जेवढे कवडसे तेवढे सूर्य." सूर्याकडं उघड्या डोळ्यानं बिलकुल पाहायचं न्हाई, ग्रहणात तर मोह होतो म्हनून जास्तच न्हाई. पाठ करायची सूर्याकडं आन कवडसा पाहायचा.

लिंबाखाली मी लई येळ उभी होते. लग्नाला पाच वर्सं झाली, त्या सूर्यांवर रोज झाडू मारते.

९ ऑक्टोबर

आत्याबाई म्हन्तात, "भाऊ हुशार हाय तुझा. पन गेल्या महिन्यात गणपती दूध पिला तव्हा त्यानं विटेला दूध पाजलं होतं. हुशारीला काय अर्थ न्हाई."

वीट खरंच पिली होती. आत्याबाईनं तव्हा विटेला पन हात जोडले होते. हे भावाला अजून सांगितलं न्हाई.

११ ऑक्टोबर

आज हापशावर मीच मास्तरीन! द्वारकाबाई विचारती, "तुझ्या भावानं कंदील लावून काय मंतर केला गं भरदिवसा?" मंग मी घागर पालथी ठेवली, ती पृथ्वी. द्वारकाबाईच्या पोलक्याचं तुटलेलं बटन तिच्या हातात होतं, तो चंद्र. ऊन होतंच. सगळ्या जनी गोल करून उभ्या. टाकीपुढं अंगठे धरून एकएक डोळा झाकला सगळ्यांनी — रस्त्यानं जानारे जीपवाले पाहून राह्यले, ह्या बायांना झालं काय!

सोनूबाई म्हातारी म्हनली, "माझ्या अंगठ्यानं टाकी गेली. आता सून जाती का पाहू." लई हसलो.

द्वारकाबाई मात्र इचार करत होती. "म्हंजे नुसती सावली. मंग सावलीनं ओठ कसा फाटंल?"

मी म्हनले, "तेच तर!"

"मंग तुझ्या दुर्गीचा?"

हापसा कोनी मारंना. मी घागर उचलून आले. भरली न्हाई तशीच आले.

१३ ऑक्टोबर

आजचं सगळं लिवून ठेवते.

दवाखान्यात गेल्ते. पुष्पाबाई सिस्टरनं पोट पाह्यलं, ठोके बराबर. रांग संपल्यावर मी दार लोटून विचारलंच. बाई, लेकराचा ओठ कव्हा तयार होतो? त्या लिवत होत्या, मान वर न करता म्हनल्या, "दुसऱ्या महिन्यात. लई तर अडीच महिन्यात जुळून जातो. तव्हा जुळला न्हाई की तसाच राहतो."

"आन नवव्या महिन्यात फाटू शकतो का?"

आता वर पाह्यलं. "जुळलेला ओठ पोटात कसा फाटंल? काय कापड हाय का?"

घरी येऊन डाळीचे नऊ दाने ताटात मांडले. दुर्गी संक्रांतीला जन्मली. तिथून मागं मागं आले. पाडव्याच्या नंतर पाळी आली, मंग चुकली. एक दाना, दोन, अडीच — उन्हाळा. आंब्याचे दिवस. ओठ तिथं राह्यला. आन दत्तजयंती? दत्तजयंती तर संक्रांतीच्या एक महिना आधी. नवव्या दान्यावर!

मी कांदा चिरला तव्हा माझ्या दुर्गीचा ओठ सहा महिन्यांचा फाटलेला होता.

तीन वर्सं झाली. दाने कोनी मांडले न्हाईत. मी बी न्हाई!

दुर्गीनं येऊन नववा दाना खाल्ला.

१४ ऑक्टोबर

सिस्टरला परत गाठलं. ह्या लेकराला होईल का? म्हनल्या, "खोटं सांगनार न्हाई. एकाला झालं की दुसऱ्याला शंभरात चार-पाच जनींना होतं. कारण दरवेळी सापडत न्हाई. पन चिरल्यानं न्हाई, शिवल्यानं न्हाई."

म्हंजे पंच्यान्नव जनींना न्हाई. दिवसा पंच्यान्नव आठवतात. आडवी झाले की ते पाच.

आजून एक सांगितलं, घरी येळ आली तर नवं ब्लेड आन उकळलेला दोरा हाताशी ठेवा, नाळ कापायला. आनून पाकिटात ठेवलं.

१६ ऑक्टोबर

स्टँडवरच्या बूथावरून भावाला फोन केला. तो जालन्यात मस्तगडला ज्या खोलीत राहतो, तिच्या खालीच जेठमल शेटचं दुकान, फोन तिथं. जेठमल शेट म्हन्तात, "बाई, तुमचा भाऊ पोरांना ग्रहण शिकवायला दुकानातली लिंबं वर घेऊन बसला, गिऱ्हाइकाला देत न्हाई. म्हन्तो ग्रहण झाल्यावर घ्या!" मंग वर हाक मारली.

मी भावाला दाने सांगितले. तो म्हनला, "त्या उन्हाळ्यात इथं दिसनारं एक बी ग्रहण न्हवतं, मी जुन्या पंचांगात पाहून सांगतो." पाहून आला. न्हवतं! म्हनला, "नंदे, आत्याबाईला सांग."

सांगू म्हनं! त्याला सासू न्हाई.

त्या दिवशी तो शाळेच्या मैदानावर पोरांना दाखवनार, दहानंतर शेटच्या फोनपाशी बसून राहनार. "काय दिसलं ते मला कळव. चित्र काढ."

मी म्हनले, मला खोलीत कोंडनार हायेत. मला काय दिसनार.

१९ ऑक्टोबर

हे म्हनले, "मी जीपच्या टपावर बसून एक्सरेतून पाहनार." हे म्हंजे दुर्गीचे पप्पा, आत्याबाईचा शिवा. भोकरदनपर्यंत जीप मारतात, वीस मान्सं कोंबतात. मी म्हनले, एक्सरेनं डोळे जातात. म्हनले, "तुझा भाऊ मला मास्तर करून सोडनार." पन एक्सरे परत देऊन आले.

२१ ऑक्टोबर

चकल्या जमल्या. आत्याबाईला सांगायचं राह्यलं.

२२ ऑक्टोबर

अनारसे फसकले. आत्याबाईला सांगायचं राह्यलं.

२३ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा जल्दी उरकली, वेध लागनार म्हनून. आत्याबाईनं फराळाच्या डब्यांवर तुळशीचं पान ठेवलं. मंग घरभर फिरल्या. विळी, सुरी, कातरी, सुईदोऱ्याचा डबा, ह्यांचं दाढीचं सामान, सगळं धान्याच्या कणगीत टाकून वरून झाकन. माझं नवं ब्लेडाचं पाकीट पन.

"आत्याबाई, ते सिस्टरनं—"

"उद्या दहा वाजेपर्यंत ह्या घरात धारंची वस्तू दिसनार न्हाई."

पाठीमागची पत्र्याची खोली माझ्यासाठी तयार केलीय. उगवतीच्या पत्र्याला गोधड्या लावल्या, फटीत चिंध्या कोंबल्या. उजेड आत येऊ द्यायचा न्हाई. सकाळी सात ते दहा सरळ पडून राहायचं. कूस बदलायची न्हाई.

कंबर सकाळपासून भरून आलीय. चकल्यांमुळं आसंल.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळ

आतूनच लिवते. लिवू का म्हनून विचारलं. आत्याबाई म्हनल्या, "लिवनं म्हंजे काय चिरनं न्हाई. पन पान फाडू नको!" त्या बाजेपाशी माळ घेऊन बसल्यात. दुर्गी माझ्या पायाशी. काळाकुट्ट अंधार होता.

होता! कारण साडेसातला समोरच्या भितीवर एक ठिपका दिसला. रुपयाएवढा. वर पत्र्यात खिळ्याचं भोक राह्यलेलं, गोधडीच्या वर, आत्याबाईच्या नजरंच्या वर. मला वाटलं कवडसा. पन गोल न्हवता. एका बाजूनं कोरलेला, भाकरीला उंदरानं कुरतडल्यासारखा.

मला कळालंच. मोठ्यानं बोलले, "आलं! आत्याबाई, आत आलं!"

त्या उठून गोधडी ओढायला लागल्या, हात भोकापर्यंत पुरंना. पोतं घेऊन भितीवरचा ठिपका पुसायला लागल्या! पोत्यावरच दिसला. पाठीवर दिसला. दुर्गी टाळ्या पिटून राह्यली, "आजीला चंद्र लागला! आजीला चंद्र!"

आत्याबाई थकून खाली बसल्या. आन मंग हसू आलं त्यांना. रोखायला गेल्या आन जास्तच आलं.

मंग आम्ही तिघी पाहत बसलो. बाहेर सगळे दारं लावून बसलेत, आन आमच्या कोंडलेल्या खोलीत अख्खं ग्रहण! अंधार केला म्हनूनच एवढं साफ दिसलं. सरकत सरकत ठिपका बारीक झाला, नखाएवढा, नखाच्या कोरीसारखा. मी कोऱ्या पानावर दर थोड्या येळानं काढला. सात चित्रं. बाहेर चिमण्या गप झाल्या. उजेड पिवळा-राखी झाला, गोधडीच्या कडेनं दिसला.

आत्याबाई हळू म्हनल्या, "एवढंच असतं का गं हे?"

"एवढंच. चंद्र आडवा येतो. टाकीपुढं अंगठा."

मंग त्यांनीच सुरू केलं. माझ्याकडं न पाहता, ठिपक्याकडं पाहून. "त्या पहाटं तुला मीच उठवलं होतं. शिवाला पहिल्या गाडीला जायचं होतं. मीच म्हनले, कांदा चीर. माझ्या ध्यानात न्हवतं ग्रहण. उजाडल्यावर आठवलं. दुर्गी झाली तव्हा मला वाटलं, मी केलं हे. मंग कोनी तुझं नाव घेतलं तर मी... मी घेऊ दिलं."

मला रागच यायला पाहिजे होता. तीन वर्सं! पन म्हातारीचे हात पाह्यले, माळ कव्हाच खाली पडली होती.

मी म्हनले, "आत्याबाई, तुम्ही न्हाई आन मी न्हाई." बोटावर महिने मोजून दाखवले. त्यांनी मला परत मोजायला लावलं. मंग सोता मोजलं. मंग दुर्गीची बोटं धरून मोजलं, सगळ्यात हळू. आंब्याच्या दिवसाला आल्यावर थांबल्या. दुर्गीच्या ओठावरच्या रेघंवरून अंगठा फिरवला आन तिला मांडीत दाबून धरलं, एवढं की दुर्गी म्हनली, "आजी, चंद्र दिसंना!"

आता ठिपका परत भरून राह्यलाय.

कंबर चकल्यांमुळं न्हाई. सकाळपासून मोजतेय, तिसरी कळ आली. आत्याबाईला अजून बोलले न्हाई. दहाला ग्रहण सुटतं. तोवर दम निघंल.

त्याच दिवशी, साडेनऊ

दम निघत न्हाई. पानी गेलं. ठिपक्याचा एक कोपरा अजून बाकी हाय. ह्यांनी जीप चालू केली, आन आईकडं पाहून उभेच राह्यले. आत्याबाईनं सोता दार उघडलं. भक्कन ऊन! म्हनल्या, "पाहतो काय शिवा, घे गाडी दारात. सुटंल ते ग्रहण आपलं आपलं." मंग कणगीत खांद्यापर्यंत हात घालून ब्लेडाचं पाकीट काढलं आन सोताच्या हातानं माझ्या पिशवीत टाकलं.

भीती वाटून राह्यलीय. पाच जनी आठवतात. वही बाजेवर उघडी ठेवते, द्वारकाबाई दुर्गीला घ्यायला येईल. जो कोनी हे वाचंल त्यानं माझ्या भावाला फोन लावा. जालना, मस्तगड, जेठमल शेटचं दुकान, नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर हाय. सांगा, नंदा दवाखान्यात गेली. सांगा, तिला सगळं दिसलं, सात चित्रं हायेत. आन सांगा, ब्लेड आत्याबाईनं दिलं, ग्रहण सुटायच्या आधी. एवढं सांगितलं की त्याला कळंल.